स्वस्त लॅपटॉपचा ताळेबंद

दहावी-बारावीचे निकाल लागले, की साध्या उत्पन्नाच्या घरांत एक प्रश्न दरवर्षी नेमाने उभा राहतो. एकेकाळी तो सायकलीचा असे, मग स्कूटरचा झाला, आता तो लॅपटॉपचा आहे. 'पंधरा-वीस हजारांत एखादा बरा लॅपटॉप मिळेल का हो?' बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला पैशाचे सगळे कळते, असा लोकांचा समज असतोच. त्यात तो आपल्या कादंबऱ्या संगणकावर लिहितो असे कळले, की यंत्राबद्दलही त्याचेच मत विचारले जाते. मला हा प्रश्न विचारणाऱ्यांत रिक्षा चालवणारे असतात, शिवणकाम करणाऱ्या बाया असतात, छोटे दुकानदार असतात. वीस हजार रुपये ही त्यांच्या घरातली महिन्याची, कधी दीड महिन्याची कमाई असते. त्यामुळे हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही.

याची दोन उत्तरे बाजारात तयार असतात. शेजारचा संगणक शिकलेला मुलगा म्हणतो, 'काका, त्यात काही दम नाही. घ्यायचा तर पन्नास हजारांचा घ्या, नाहीतर घेऊच नका.' दुकानदार म्हणतो, 'डोळे झाकून घेऊन जा, मस्त चालतो.' दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतील. पण हा लॅपटॉप कोण वापरणार आहे आणि कशासाठी, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही. बँकेत कर्जाचा अर्ज पुढे आला, की आमचा पहिला प्रश्न 'कशासाठी?' असा असे. 'किती?' हा प्रश्न दुसरा. 'किती वर्षांत फिटणार?' हा तिसरा. लॅपटॉपच्या खरेदीतही हाच क्रम ठेवला, तर बरीच फसगत टळते असे माझे मत आहे.

स्वप्नाचा इतिहास

स्वस्त संगणक ही कल्पना आजची नाही आणि परदेशातून आयात झालेलीही नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी एन्कोअर या कंपनीतल्या मंडळींना सोबत घेऊन 'सिम्प्युटर' नावाचे हातात मावणारे यंत्र तयार केले. त्याचे पहिले रूप २००१ साली लोकांसमोर आले. खेड्यातल्या, अक्षरओळख नसलेल्या माणसालाही वापरता यावे, हा त्यामागचा हेतू होता. प्रत्यक्ष विक्री सुरू व्हायला २००४ साल उजाडले आणि किंमत दहा हजारांच्या आसपास गेली. कौतुक पुष्कळ झाले. यंत्र मात्र थोडीच खपली.

जानेवारी २००५ मध्ये निकोलस निग्रोपोंटे यांनी दावोसच्या व्यासपीठावरून शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' अशी ती योजना. २००६ साली आपल्या केंद्र सरकारच्या मनुष्यबळ विकास खात्याने तिला नकार दिला. शाळांच्या साध्या साध्या गरजांना पैसा पुरत नसताना एवढा खर्च एका वादग्रस्त कल्पनेवर करता येणार नाही, असा त्या नकाराचा आशय होता. तरीही २००७ साली आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैरात या छोट्या वस्तीवरच्या एकशिक्षकी शाळेत वीस-बावीस मुलांच्या हातात ते हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. भारतातला तो पहिला प्रयोग. यंत्र चांगले होते, त्याचा पडदा भर उन्हातही वाचता येई. किंमत मात्र शंभर डॉलरवर कधी उतरली नाही. उत्पादन सुरू झाले तेव्हाच ती १८०च्या पुढे होती.

त्याच वर्षी तैवानच्या आसुस कंपनीने सात इंची पडद्याचा 'ई पीसी' बाजारात आणला. त्याची साठवण अवघी चार जीबी होती. पण तो आपल्या मर्यादा ओळखून बनवलेला होता. हलकी लिनक्स प्रणाली, पत्रव्यवहार, इंटरनेट आणि थोडे लेखन, एवढेच काम तो करी आणि नीट करी. लोकांनी तो उचलून धरला. मग सगळ्याच कंपन्या 'नेटबुक' काढू लागल्या आणि तिथेच घोडे पेंड खाऊ लागले. दुबळ्या यंत्रावर जड विंडोज बसवली गेली. अशा यंत्रांसाठी काढलेल्या विंडोज सेव्हनच्या 'स्टार्टर' आवृत्तीत तर पडद्यामागचे चित्रही बदलण्याची मुभा नव्हती. २०१० साली आयपॅड आला आणि दोन-तीन वर्षांत नेटबुकचा बाजार उठला.

ऑक्टोबर २०११ मध्ये दिल्लीत 'आकाश' टॅब्लेटचा गाजावाजा झाला. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडत होता आणि विद्यार्थ्यांना सवलतीत त्याहून कमी किमतीत द्यायचा होता. २५६ एमबी मेमरी आणि बोट जोरात दाबल्याशिवाय न उमटणारा पडदा, अशी त्याची अवस्था. ज्यांच्या हाती तो पडला, त्यांनी तो लवकरच खाली ठेवला. त्याच वर्षी तामिळनाडू सरकारने बारावीच्या विद्यार्थ्यांना फुकट लॅपटॉप वाटायला सुरुवात केली. ते पुरे लॅपटॉप होते, त्यामुळे निदान वापरता येत होते. आणि २०२३ साली रिलायन्सने १६,४९९ रुपयांना नवे 'जिओबुक' काढले. पडदा साडेअकरा इंचांचा, मेमरी चार जीबी, साठवण ६४ जीबी, वजन किलोच्या आत.

हा इतिहास एवढ्यासाठी सांगितला, की त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. जिथे आधी किंमत ठरली आणि मग त्या किमतीत यंत्र कोंबले गेले, तिथे ते अडगळीत गेले. जिथे आधी काम ठरले, तिथे छोटे यंत्रही टिकले. आमच्या बँकांचाच अनुभव पाहा. रंगराजन समितीच्या १९८४ सालच्या अहवालानंतर शाखांमध्ये 'लेजर पोस्टिंग मशीन' आली. आजच्या मुलांना ती खेळण्यासारखी वाटतील. पण खातेवहीत नोंद करणे आणि शिल्लक काढणे, एवढे एकच काम त्यांना नेमून दिलेले होते. ते त्यांनी वर्षानुवर्षे बिनबोभाट केले.

किंमत कुठे कापली जाते?

आता आजच्या स्वस्त लॅपटॉपच्या आत डोकावू. दुकानात ज्या तीन गोष्टींची नावे कानावर आदळतात, त्या बँकेच्या भाषेत सांगतो. प्रोसेसर म्हणजे काउंटरवरचा कारकून. मेमरी, म्हणजे रॅम, हे त्याचे टेबल. आणि साठवण म्हणजे मागची रेकॉर्ड रूम. कारकून कितीही हुशार असला, तरी टेबल लहान असेल तर तो दर मिनिटाला उठून मागे जाणार, एक फाईल ठेवणार आणि दुसरी आणणार. त्यात रेकॉर्ड रूमची वाट अरुंद असेल तर बाहेर रांग वाढणारच. लॅपटॉप 'हँग' होतो म्हणजे बहुतेक वेळा हेच होत असते.

स्वस्त लॅपटॉपमध्ये हे टेबल बहुधा चार जीबीचे असते आणि ते मूळ पाटीवर पक्के डाग देऊन बसवलेले असते. पुढे पैसे आले म्हणून ते वाढवता येत नाही. रेकॉर्ड रूम 'ईएमएमसी' जातीची असते. ही मोबाइलमधल्यासारखी साधी चिप, एसएसडीपेक्षा बरीच मंद. तीही बदलता येत नाही. विंडोज ११ ची अधिकृत किमान गरजच चार जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवण अशी आहे. म्हणजे अशा यंत्रात भाडेकरू आला तो सगळे घर व्यापूनच. मालकाने पाय कुठे पसरायचे? वर्षभरात नवनवी अपडेट येत जातात, जागा संपते आणि 'लॅपटॉप स्लो झाला' ही तक्रार सुरू होते. मग बाहेरून हार्ड डिस्क घ्या, जादा मेमरी कार्ड घ्या, गुगलची जागा भाड्याने घ्या! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा.

क्रोमबुकचा प्रकार थोडा वेगळा. गुगलची ती प्रणाली हलकी असल्याने चार जीबीतही बऱ्यापैकी चालते. २०२१ साली आसुसचे छोटे क्रोमबुक आपल्याकडे १७,९९९ रुपयांना आले होते. परंतु त्याचा जीव इंटरनेटवर अवलंबून. जोडणी नसेल तर बरेच काम अडते, आणि विंडोजचे नेहमीचे प्रोग्राम त्यावर चढत नाहीत.

याखेरीज एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. औषधाच्या पाकिटावर असते तशी या यंत्रांनाही मुदत असते. विंडोज १० ची सुरक्षेची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ साठी अधिकृतपणे चालत नाहीत. क्रोमबुकला गुगलने २०२३ साली दहा वर्षांच्या अपडेटची हमी दिली. पण ती दहा वर्षे ते मॉडेल ज्या पाटीवर बनले, ती पाटी बाजारात आली तेव्हापासून मोजायची, तुम्ही पैसे मोजले तेव्हापासून नव्हे. चार वर्षे गोदामात राहिलेले क्रोमबुक सवलतीत मिळाले, तर आयुष्यातली चार वर्षे आधीच वजा झालेली असतात.

भाव वर्षाचा काढा

बँका संगणकाची किंमत तीन वर्षांत पुस्तकातून काढून टाकतात. दरवर्षी एक तृतीयांश घसारा, तसा रिझर्व्ह बँकेचा दंडकच आहे. घरच्या लॅपटॉपलाही हाच हिशेब लावावा. समजा, अठरा हजारांचा लॅपटॉप दोन वर्षे धड चालला. वर्षाला नऊ हजार पडले. छत्तीस हजारांचा सहा वर्षे चालला तर वर्षाला सहा हजारच पडतात. म्हणजे महाग तो स्वस्त ठरला. कागदावर हे चोख आहे.

पण बँकेच्या काउंटरवर आयुष्य घालवलेल्या माणसाला ठाऊक असते, की या गणितात एक गोम आहे. ज्याच्यापाशी आज छत्तीस हजार नाहीतच, त्याला सहा वर्षांचा फायदा ऐकवून काय उपयोग? गरिबाला प्रत्येक गोष्ट सुटी घ्यावी लागते, म्हणून ती महाग पडते. तेलाचा डबा परवडत नाही म्हणून तो पावशेर तेल आणतो आणि वर्षाअखेर डब्यापेक्षा जास्त पैसे मोजतो. स्वस्त लॅपटॉपचे तसेच आहे. म्हणून 'घ्यायचा तर पन्नास हजारांचा घ्या' हा सल्ला मला फारसा उपयोगाचा वाटत नाही.

यातून वाट काय? एक वाट हप्त्यांची. तिथे 'बिनव्याजी हप्ता' या शब्दाला भुलू नये. शून्य टक्के व्याज अशी चीजच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले आहे. व्याज असतेच. रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती नाकारून, किंवा प्रक्रिया शुल्काच्या नावाने ते वसूल होते. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांत त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी लागतो. हप्ता घेऊ नये असे मी म्हणत नाही. रोखीचा भाव आधी विचारावा, मग हप्त्यांची बेरीज करावी आणि फरक डोळ्यांनी पाहावा.

दुसरी वाट मला अधिक शहाणपणाची वाटते, ती म्हणजे कचेऱ्यांतून बाहेर पडलेला जुना लॅपटॉप. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांत यंत्रे बदलतात. पुस्तकात त्यांची किंमत शून्याजवळ आलेली असते, यंत्र मात्र धडधाकट असते. ती दुरुस्त होऊन बाजारात येतात. पंधरा ते पंचवीस हजारांत आठ जीबी मेमरी आणि एसएसडी असलेला असा लॅपटॉप मिळू शकतो. तो जड असतो आणि दिसायला साधा. पण त्याचे पोट उघडता येते आणि बिघडलेला भाग बहुधा बदलता येतो. घेताना प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा आहे का, बॅटरी किती वेळ टिकते, बिजागरी सैल झाली आहे का, हे पाहावे. कळफलकावरचे प्रत्येक बटण स्वतः दाबून बघावे. जीएसटीचे बिल आणि निदान सहा महिन्यांची लेखी हमी मिळत नसेल, तर दुकानाची पायरी उतरावी. २०२५च्या उत्तरार्धापासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांकडे मेमरी चिपा वळू लागल्या आणि त्या कडाडल्या. मेमरी आधीच पोटात असलेल्या जुन्या यंत्राची बाजू त्यामुळे अधिकच भक्कम झाली आहे.

मग नवा छोटा लॅपटॉप कुणासाठी?

इथे पुन्हा 'कशासाठी?' हा प्रश्न विचारायचा. अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलाला चार जीबीचे यंत्र देणे म्हणजे बैलगाडीला नांगर जोडून शर्यतीत उतरवणे. मोबाइलचे ॲप बनवायला शिकवणाऱ्या अँड्रॉइड स्टुडिओलाच निदान आठ जीबी मेमरी लागते. आराखडे काढणे, चित्रफितींचे संकलन ही कामेही या यंत्राची नव्हेत. अशा मुलाला जुना दणकट लॅपटॉप द्यावा, किंवा पहिले वर्ष महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेवर काढून पैसे साठवावेत.

याउलट, टंकलेखन शिकणाऱ्या मुलीला छोटा लॅपटॉप पुरेसा आहे. शासकीय टंकलेखन परीक्षा आता संगणकावर होते. मराठीचे मिनिटाला ३० शब्दांचे किंवा इंग्रजीचे ४० शब्दांचे प्रमाणपत्र लिपिकाच्या नोकरीसाठी लागते. संस्थेत दिवसाला मिळतो तास-दीड तास. घरी कळफलक असेल तर बोटे रोज रात्री फिरू शकतात. बचत गटाचा हिशेब लिहिणाऱ्या बाईंना तो पुरतो. आठवणी लिहू पाहणाऱ्या निवृत्त शिक्षकांनाही पुरतो. मी स्वतः कादंबरीचे खर्डे छोट्या यंत्रावरच लिहितो. कादंबरीला मेमरी लागते ती लेखकाची. लिब्रेऑफिससारखा फुकट प्रोग्राम त्या कामाला भरपूर झाला.

मराठीत लिहिणाऱ्यांनी मात्र दोन-तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. युनिकोड आणि इनस्क्रिप्टचा कळफलक आता विंडोज, क्रोमबुक, लिनक्स सगळीकडे असतो. त्यासाठी वेगळा पैसा पडत नाही. पण ज्यांची जुनी लिखाणे श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत, किंवा ज्यांना मुद्रकाकडून तशाच फाईल येतात, त्यांनी क्रोमबुकच्या वाटेला जाऊ नये. दुसरे असे, की इनस्क्रिप्टमध्ये ज्ञ, त्र, क्ष, श्र ही अक्षरे वरच्या आकड्यांच्या ओळीत शिफ्ट दाबून येतात. काही छोट्या यंत्रांत नेमकी हीच ओळ आणि शिफ्टचे बटण चिंचोळे केलेले असते. इंग्रजी लिहिणाऱ्याला ते जाणवतही नाही. मराठी लिहिणाऱ्याची करंगळी मात्र दर वाक्याला अडखळते. दुकानात 'ज्ञानेश्वर', 'क्षत्रिय', 'श्रीरामपूर' असे चार शब्द लिहून पाहावेत. दुकानदार चमत्कारिक नजरेने बघेल, बघू द्यावे.

कळफलकाची गरज

कुणी म्हणेल, घरोघरी फोन आहेत, मग हा खटाटोप कशाला? या प्रश्नाचे उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. फोन हे पाहण्याचे आणि ऐकण्याचे उत्तम यंत्र आहे. त्यावर बातमी वाचता येते, पैसे पाठवता येतात, अर्जही भरता येतो. पण दोन पानांचा सलग अर्ज, तक्ता, निबंध, तक्रारीचे मुद्देसूद पत्र ही कामे अंगठ्याने होत नाहीत. झाली तरी ती कुणी पुन्हा वाचून सुधारत नाही. वाक्य मागे-पुढे सरकवायचे, दोन परिच्छेद शेजारी ठेवून पाहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे, याला मोठा पडदा आणि दहा बोटे लागतात. आणि लिहिता येणे म्हणजे शेवटी नीट विचार करता येणेच असते.

२०१७-१८ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या शहरी घरांपैकी २३.४ टक्के आणि ग्रामीण घरांपैकी अवघ्या ४.४ टक्के घरांत संगणक आढळला होता. पुढे दोनच वर्षांत, २०२० साली, शाळा बंद पडल्या आणि घरातल्या एका फोनभोवती तीन भावंडे बसली. त्यात बहुतेकदा मुलीची पाळी शेवटी येई. ज्या घरात कळफलक होता आणि ज्या घरात नव्हता, त्या दोन घरांतल्या मुलांमध्ये त्या काळात जे अंतर पडले, ते गुणपत्रिकेत पूर्णपणे दिसणारही नाही. पुढच्या नोकरीच्या अर्जात ते दिसेल.

म्हणून माझे उत्तर असे आहे. काम लेखनाचे, हिशेबाचे, टंकलेखनाच्या सरावाचे असेल आणि यंत्राची मुदत तीन-चार वर्षे शिल्लक असेल, तर छोटा, स्वस्त लॅपटॉप जरूर घ्यावा. त्यावर विंडोज असेल, तर आठ जीबी आणि एसएसडी मिळेपर्यंत आणखी दोन महिने थांबणे परवडले. काम जड असेल तर कचेरीतून निघालेला जुना घ्यावा. आणि काय काम आहे हेच ठरलेले नसेल, तर पैसे बँकेत राहू द्यावेत. यंत्राचा भाव पुढे काही होवो, गरज कळल्यावर केलेली खरेदी बहुधा वाया जात नाही.

एक मागणी मात्र आपण ग्राहकांनी लावून धरायला हवी. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी, तो कितपत दुरुस्त होऊ शकतो याचे दहापैकी गुण छापावे लागू लागले. आपल्याकडे कमाल किरकोळ किंमत छापण्याची सक्ती आहे. बिस्किटाच्या पुड्यावरही मुदत छापतात. मग वीस हजारांच्या यंत्राच्या खोक्यावर मेमरी वाढवता येते की नाही आणि सुरक्षेची अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळतील, या दोन ओळी मराठीत छापायला काय हरकत आहे? पन्नास हजारांचा लॅपटॉप घेणारा ही माहिती शोधून काढतो. महिन्याची कमाई एका खोक्यात घालणाऱ्याला ती दुकानातच, खोक्यावरच मिळायला हवी.